बिल्ला कोणाला, भरवसा कोणावर

जून सरला, की शाळाशाळांतून पदग्रहणाचे समारंभ होतात. प्रमुख विद्यार्थी, प्रमुख विद्यार्थिनी, चार गटांचे गटनायक, क्रीडाप्रमुख, शिस्तप्रमुख अशा नावांचे बिल्ले छातीवर लागतात, खांद्यावरून रंगीत पट्टे येतात, शपथ होते. त्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडले तरी चालते. आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत छायाचित्र साऱ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरून येते. यात वावगे काही नाही. मुलाच्या अंगावर जबाबदारी पडावी आणि चार माणसांपुढे उभे राहण्याची त्याची भीड चेपावी, असे कोणत्या पालकाला वाटणार नाही?

परंतु त्याच वर्गात आणखी एखादे मूल असते. त्याच्या छातीवर बिल्ला नसतो, वक्तृत्वाच्या ढालीवर नाव नसते, गुणही बेताचेच असतात. तथापि मधल्या सुट्टीत कोणी डबा न उघडता बसले, तर ते त्याच्या लक्षात येते. कोणाच्या घरी भांडण झाले, कोणाला वरच्या वर्गातली मुले बसमध्ये छळतात, गणिताच्या चाचणीची उत्तरपत्रिका सही न घेता कोणी दप्तराच्या तळाशी दडवली आहे, हे सारे वर्गात पहिल्यांदा त्यालाच कळते. शिक्षकांना ते महिन्याने कळते आणि आईवडिलांना पुष्कळदा कळतच नाही. विद्यार्थ्यांतील नेतृत्वाचा विचार करायचा, तर या दोन मुलांपैकी शाळेने कोणाला हाताशी धरायचे, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न किती गंभीर आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या एका आकड्यावरून ध्यानात येईल. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत पहिले नाव महाराष्ट्राचे आहे. यांतील कित्येकांनी आधी कोणाला ना कोणाला काही तरी बोलून दाखवले असेल, आणि तो कोणी बहुधा त्यांच्याच वयाचा असेल. चौदा-पंधराव्या वर्षी मनातले पहिल्यांदा सांगण्याची जागा मित्र हीच असते. त्या मित्राला ऐकलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे हे ठाऊक असणे वा नसणे, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

मुलांनीच मुलांना हात द्यावा, ही कल्पना नवी नाही, आणि तिचे आधुनिक शालेय रूप परदेशातून आले अशी जी समजूत आहे तीही पूर्णतः खरी नाही. वर्गातल्या ‘मॉनिटर’ची पद्धत जगभर गेली ती आपल्या मद्रासवरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. तिचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनी जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. ही रीत आपल्या शाळेत आणावी असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु पगारी शिक्षकांचा उत्साह थंड होता. तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केन नावाच्या मुलाला लहान मुलांना अक्षरे शिकवण्यास बसवले आणि त्याने ते काम चोख केले. १७९७ साली बेल यांनी या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी तशाच धर्तीची शाळा लंडनमध्ये उघडली आणि बघता बघता ही पद्धत अनेक देशांत पसरली.

पसरण्याचे कारण मात्र हिशेबी होते. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हे तिचे मोठे आकर्षण. व्यापारी मनाला हे गणित चटकन समजेल; पण त्यातला तोटाही लौकरच दिसू लागला. मॉनिटर हा शिक्षकांचा हस्तक झाला. आपल्या वर्गांतून आजही त्याचे तेच रूप दिसते. सर बाहेर गेले, की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा तो मॉनिटर. नावे लिहिणाऱ्याजवळ कोणी मनातले बोलत नसते. शिस्त राखणे आणि आधार देणे ही दोन कामे एकाच मुलावर टाकली, की दुसरे काम आपोआप मरते. ज्या शाळांत शिस्तप्रमुखालाच ‘मित्रगटा’चा प्रमुख नेमतात, त्यांनी एवढी एक गोष्ट जरी ध्यानात घेतली तरी पुष्कळ होईल.

मुलांच्या हाती खरीखुरी जबाबदारी दिल्याचा दुसरा दाखला साताऱ्याचा आहे आणि तो या समाजाला परका नाही. कुंभोजच्या जैन घराण्यात १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. पाणी आणणे, भाकऱ्या थापणे, झाडलोट, शेतातली मेहनत ही कामे मुलेच करीत. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही विकले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेव्हा श्रम करून शिकण्याची हीच रीत माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचली.

या वसतिगृहाचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. ते पुन्हा गाण्याचे येथे प्रयोजन नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्या घरात भाकऱ्या मोजून थापायच्या असतात, तेथे पंगतीला कोण आले नाही हे लगेच कळते. ज्याच्या वाट्याचे पाणी आले नाही, तो आजारी आहे की रुसला आहे, याची चौकशी करणे भाग पडते. सोबतीसाठी निराळा कार्यक्रम आखावा लागत नाही, ती कामातून जन्म घेते. आजच्या शाळांत मुलांना नेतृत्वाची पदे मिळतात; पण पदाबरोबर काम मिळतेच असे नाही. स्वागताला गुलाबपुष्प देणे आणि पाहुण्यांचा परिचय वाचणे याला काम म्हणणे कठीण आहे. उलट नववीच्या दोघांकडे पाचवीत नव्याने आलेल्या दहा मुलांची पहिल्या महिन्याची जबाबदारी दिली, पाणी कोठे, स्वच्छतागृह कोठे, चुकलेली बस कशी मिळवायची, कोणा सरांना काय आवडत नाही, एवढेच जरी त्यांनी सांगितले, तरी ती दहा मुले त्या दोघांना वर्षभर विसरत नाहीत.

मग माणूस निवडायचा कसा? या बाबतीत इंग्लंड आणि वेल्समधील एका मोठ्या प्रयोगाचे उदाहरण उद्बोधक आहे. शालेय मुलांना सिगारेटपासून दूर ठेवण्यासाठी तेथे ५९ शाळांत एक चाचणी घेण्यात आली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारले गेले, की तुमच्यापैकी कोणाचे म्हणणे इतर मुले मानतात. ज्यांची नावे अधिक आली, त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले. त्यांना भाषणे करायची नव्हती, भित्तिपत्रके लावायची नव्हती. बसथांब्यावर, जेवणाच्या सुट्टीत, खेळून परतताना सहज बोलायचे होते. पुढील दोन वर्षांत या शाळांत सिगारेट ओढणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिले.

यातील कळीचा मुद्दा निवडीचा आहे. शिक्षकांना निवड करू दिली, तर ते साहजिकच आज्ञाधारक आणि हुशार मुलांना पुढे करतात. मुलांना जाहीर मतदान करू दिले, तर जो खेळात चमकतो किंवा ज्याच्या वाढदिवसाला सारा वर्ग हॉटेलात जातो तो निवडून येतो. परंतु घडी केलेल्या चिठ्ठीवर ‘अडचण आली तर या वर्गातल्या कोणाजवळ बोलशील?’ एवढाच प्रश्न विचारला, तर निराळीच नावे वर येतात. त्यांत एखादा मागच्या बाकावरचा असतो, एखादी फारशी न बोलणारी असते. पेढीवरही हा अनुभव नवा नाही. गल्ल्यावर कोण बसतो हे साऱ्या बाजाराला दिसते. पण उधारीची अडचण सांगायला गिऱ्हाईक ज्या जुन्या मुनीमजींकडे जाते, त्यांची खुर्ची बहुधा कोपऱ्यात असते.

आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील आहे आणि त्याचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली गोव्यात स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी नालंदातील सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि त्याची काटेकोर चाचणी घेतली. चौऱ्याहत्तर शाळा, नववीची तेरा हजारांहून अधिक मुले असा तो पसारा होता. शाळांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटात कार्यक्रम चालवण्यासाठी शाळेबाहेरची एक व्यक्ती नेमली. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. त्याच भागातली, या कामापुरते प्रशिक्षण घेतलेली अशी ती होती. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण शाळेतील एका शिक्षकाला देऊन हे काम त्याच्या इतर कामांत जोडले. तिसऱ्या गटात यांपैकी काहीच केले नाही. तेथे सरकारचा नेहमीचा किशोर-शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला.

शाळेत घडले ते असे. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची एक समिती झाली. वर्गावर्गांतून काही मुलांचे मित्रगट बनले. ते ठरावीक काळाने बसून आपल्या शाळेत मुलांना कशाचा त्रास होतो याचा विचार करीत. भित्तिपत्रिका निघू लागली. तिच्यात स्वच्छता, दादागिरी, अभ्यासाच्या पद्धती, व्यसने, मुलगामुलगी भेद असे विषय येत. एक पेटी ठेवली. तिच्यात नाव न लिहिता प्रश्न किंवा तक्रार टाकता येई. प्रार्थनेच्या वेळी त्यांतील विषयांवर बोलणे होई. ज्याला एकट्याने बोलायचे असेल, त्याला त्या नेमलेल्या व्यक्तीजवळ जाऊन बोलता येत असे.

वर्षाअखेरीस जे दिसले ते अनेकांना अनपेक्षित होते. ज्या शाळांत स्वतंत्र व्यक्ती होती, तेथे शाळेतील एकूण वातावरण ठळकपणे सुधारले. मुलांतील उदासीनता, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. ज्या शाळांत तेच काम शिक्षकावर सोपवले होते, तेथे काहीच न केलेल्या शाळांपेक्षा उल्लेखनीय फरक आढळला नाही. पुढच्या वर्षीही पाहणी झाली. पहिल्या गटातला लाभ टिकला होता, इतकेच नव्हे तर वाढला होता. कार्यक्रम तोच, साहित्य तेच, मुलेही तशीच. फरक होता तो चालवणाऱ्या माणसाचा.

यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. पाठ्यक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते यांतून त्यांना उसंत नसते. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यासमोर मन मोकळे करणे मुलाला जड जाते. मुलांचे मित्रगट आपोआप चालत नाहीत. त्यांच्या पाठीशी एक मोठे माणूस लागते आणि त्या माणसाचे तेच काम असावे लागते, एवढे नालंदाच्या शाळांनी दाखवून दिले. तक्रारपेटीचेही तसेच आहे. महाराष्ट्रातही शाळांत तक्रारपेटी ठेवण्याचे आदेश आहेत आणि मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्याही स्थापन करायच्या आहेत. परंतु पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगली आणि तिची किल्ली सापडत नसली, तर तिचा उपयोग धूळ साठवण्यापलीकडे होत नाही. पेटी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी उघडली जाते आणि त्यातल्या गोष्टीवर काही घडते, हे मुलांना दोनदा दिसले की तिसऱ्यांदा चिठ्ठी पडते.

आता सर्वांत नाजूक भाग. नववीतली एक मुलगी रात्री अकरा वाजता मैत्रिणीला निरोप पाठवते, की आता सगळ्याचा कंटाळा आला आहे, जगावेसे वाटत नाही, आणि हे कोणाला सांगायचे नाही, तुला शपथ आहे. ती मैत्रीण मित्रगटात आहे. तिने काय करायचे? मैत्रीचा साधा नियम सांगतो, की शब्द दिला तो पाळायचा. आणि नेमका हाच नियम येथे जिवावर बेततो.

अमेरिकेत १९९८ पासून चालत आलेला ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ नावाचा विद्यार्थीगटांचा कार्यक्रम याच ठिकाणी बोट ठेवतो. त्यात वेगवेगळ्या टोळक्यांतली मुले मुद्दाम घेतली जातात, म्हणजे शाळेतला कोणताही कोपरा सुटत नाही. मुलांना समुपदेशक बनवले जात नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसापर्यंत मित्राला पोहोचवणे, एवढेच त्यांचे काम. अठरा माध्यमिक शाळांत त्याची पाहणी झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली. मोठ्या शाळांतील प्रशिक्षित विद्यार्थी संकटातल्या मित्राची गोष्ट मोठ्या माणसाच्या कानावर घालण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे चौपट आढळली.

म्हणून मित्रगटातल्या मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवावे लागते, की कोणतीही गोष्ट ऐकण्याआधी गुप्ततेचे सरसकट वचन द्यायचे नाही. कोणाला कोण आवडते, कोणाची आई कोणावर रागावली, हे आपल्यापाशी राहील; पण कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी अंगाला नको तसा स्पर्श करीत असेल, कोणी मारत असेल, तर ते एका मोठ्या माणसाला सांगितले जाईल, आणि जमले तर दोघी मिळून सांगू. असे आधीच बोललेले असले, की नंतर दगा झाल्यासारखे वाटत नाही. त्या रात्रीच्या निरोपाला उत्तर काय द्यावे, हेही साध्या शब्दांत शिकवता येते. व्याख्यान द्यायचे नाही, ‘असे बोलू नये’ म्हणून दटावायचे नाही. तू मला सांगितलेस हे बरे झाले, मी तुझ्याबरोबर आहे, आपण आत्ता कोणाला उठवायचे, एवढे विचारायचे आणि खरोखरच आईला उठवायचे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक रात्रीही लागतात. ते दप्तरातल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत.

ऐकणाऱ्या मुलाचाही विचार करायला हवा. पंधरा वर्षांच्या खांद्यांवर दुसऱ्याचे दुःख ठेवून त्याला एकटे सोडणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. चांगल्या मित्रगटात पंधरवड्यातून एकदा त्या मुलांचीच बैठक होते. तेथे त्यांचे ओझे कोणी तरी उतरवून घेते. ज्या शाळेत अशी बैठक नाही, त्या शाळेने मित्रगट काढू नये, हेच बरे.

येथे घराचा संबंध येतो. व्यापारी घरात दिवस दुकानाच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी शटर वर गेले, की रात्री रोजमेळ जुळेपर्यंत वडील घरचे नसतात. सणासुदीच्या, लग्नसराईच्या दिवसांत तर आईही काउंटरवर असते. घरात माणसे पुष्कळ, पण मुलाजवळ निवांत बसणारे कोणी असेलच असे नाही. त्यातून बाजारातल्या नावाची काळजी. मुलाला नापास होण्यापेक्षा ‘अमक्यांचा मुलगा नापास झाला’ या वाक्याची धास्ती अधिक असते. म्हणून घरात सांगायची गोष्ट तो बाहेर मित्राला सांगतो. आणि मग कोणा दुसऱ्याच घरातली मुलगी जेवताना घुटमळत म्हणते, की माझ्या वर्गातल्या एकीचे काही बरे चाललेले नाही. तिला हमखास मिळणारे उत्तर ठरलेले असते: दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस, तू तुझा अभ्यास बघ. ते तोडून न टाकता ताट बाजूला सारून पाच मिनिटे ऐकले आणि त्या मुलीच्या आईला किंवा वर्गशिक्षिकेला त्याच रात्री फोन केला, तर मित्रगटाचे निम्मे काम घरातच झाले. फोनवर ‘तुमची मुलगी’ असे आरोपाच्या सुरात न बोलता ‘आपल्या मुली’ असे बोलावे, इतकेच पथ्य.

समाजातील अनेक कुटुंबे शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, देणगीदार आहेत. वर्गखोली, संगणककक्ष, पाण्याची टाकी यांवर पूर्वजांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लागतात, आणि त्या लागाव्यातही. परंतु समुपदेशकाच्या पगारावर पाटी लावता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच अंदाजपत्रकात त्या ओळीपुढे रिकामी जागा राहते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवायचा आहे. शिकवणीवर्गांनाही हे लागू आहे. विश्वस्तांच्या पुढच्या सभेत हा विषय कोणी तरी पटलावर ठेवायला हवा. आणि नेमलेल्या व्यक्तीला बदली तासिका, स्नेहसंमेलनाची तयारी, प्रवेशाचे अर्ज ही कामे द्यायची नाहीत, असेही त्याच ठरावात लिहून घ्यायला हवे. नाही तर नालंदातल्या दुसऱ्या गटाचीच गत व्हायची.

एक व्यावहारिक अडचण उरते. दहावीची मुले फेब्रुवारीत शाळेपासून सुटतात आणि त्यांच्याबरोबर वर्षभर जमवलेला मित्रगटही जातो. जूनमध्ये पुन्हा पाटी कोरी. ज्या शाळांना हे टाळायचे आहे, त्यांनी चिठ्ठ्यांची निवड दिवाळीनंतर आठवीच्या वर्गात घ्यावी, म्हणजे निवडलेल्यांना जाणाऱ्यांबरोबर दोन-तीन महिने बसता येते. कोणत्या मुलाकडे अधूनमधून पाहत राहायचे आहे, कोणाच्या घरी सध्या काय चालले आहे, हे त्या महिन्यांत एका पिढीकडून दुसरीकडे तोंडीच जाते. त्याची वही ठेवायची नसते.